दुसरी टाकी आधी

विदर्भ एक्सप्रेस धामणगावला पहाटे येते आणि लगेच सुटते. तेवढ्या वेळात डब्याच्या दारातून थर्माकोलचा एक खोका खाली उतरवून घ्यायचा असतो. खोक्याला चिकटपट्टीचे चार वेढे, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्यांच्यामध्ये प्राणवायू भरून फुगवलेली, रबराने गच्च बांधलेली पिशवी. पिशवीत जेमतेम दोन लिटर खारं पाणी आणि त्यात बोटभर लांबीचा एक मासा. आदल्या संध्याकाळी तो मुंबईच्या दुकानातून निघालेला असतो. त्याआधी तो मन्नारच्या आखातात, नाहीतर त्याहून लांब इंडोनेशियाकडे, प्रवाळाच्या एखाद्या कपारीत राहत होता. मुंबईपासून सातशे किलोमीटर रेल्वेने झाले, आता यवतमाळपर्यंत पन्नासेक किलोमीटर रस्त्याने. खोका मांडीवर घेऊन मी गाडीत बसतो आणि गतिरोधक आला की नकळत दोन्ही हातांनी तो उचलून धरतो.

हा खोका घरी पोचल्यानंतरचे तीस-चाळीस दिवस हा या पुस्तकाचा विषय आहे. नव्या माशाला मुख्य टाकीत न सोडता वेगळं कसं ठेवायचं, त्याच्याकडे काय पाहायचं, औषध कधी, कोणतं आणि किती द्यायचं, आणि कधी द्यायचंच नाही, एवढंच यात आहे. टाकी सजवण्यावर एकही प्रकरण नाही. ते शिकवणारे पुष्कळ आहेत.

समुद्रापासून इतक्या लांब, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो त्या गावात खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचेच कशाला, असं मला अनेकांनी विचारलं आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं आणि ते डोळ्यांतून गेलं नाही. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला जिवंत समुद्री मासा तिथल्या काचेआड पाहिला असेल. दारव्ह्याकडच्या शेतकरी घरातला मी. मासा म्हणजे इसापूर धरणातला रोहू आणि कटला, तोही बाजारातल्या टोपलीत पाहिलेला. त्या दिवशी काचेला नाक लावून उभा राहिलो तो गुरुजींनी दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत.

आणि या विषयाचं मोल आमच्यासारख्या गावात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या माणसाचा मासा आजारी पडला तर तो त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन औषध आणू शकतो, जाणत्याला घरी बोलावू शकतो. आमच्याकडे टाकीतला समुद्रही आम्हीच बनवलेला असतो: लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असलेलं सॉल्ट मिक्स. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पण रात्री अकरा वाजता मासा धापा टाकू लागला की तुमच्या हाताशी असतं ते फक्त तुम्ही आधी करून ठेवलेलं.

मी काहीच करून ठेवलेलं नव्हतं. पाच फुटी, चारशे लिटरची टाकी होती, त्यात तीन वर्षं सांभाळलेली क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, दोन डॅमसेल. 2019 च्या मार्चअखेरीला मी एक पावडर ब्लू टँग मागवला. हिंदी महासागरातला अतिशय देखणा मासा: अंग आकाशी, चेहरा काळा, पाठीवर पिवळी धार. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि सोडून दिला. मासा छान पोहत होता, खात होता. घरातले सगळे टाकीभोवती जमले होते.

पाचव्या दिवशी त्याच्या परांवर पांढरे ठिपके दिसले. बारीक रवा भुरभुरल्यासारखे, मोजून सात-आठ. तो मधूनच तिरपा होऊन दगडाला अंग घासत होता. आठव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले. पोर बरं झालं म्हणून मी त्या रात्री निश्चिंत झोपलो. बाराव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर पाचही जुने मासे आणि तो टँग, सगळ्यांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखं झालेलं. क्लाउनची मादी कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड लावून होती. मी तिच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली, मिनिटाला सव्वाशेच्या वर. एप्रिलच्या 11 तारखेला शेवटचा डॅमसेल गेला. त्यानंतर टाकीत हलणाऱ्या गोष्टी उरल्या दोनच: कोळंबी आणि गोगलगाई.

त्या रोगाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन, बोलीत व्हाइट स्पॉट. या एकपेशीय परजीवीला त्याचं आजचं शास्त्रीय नाव मिळालं ते 1951 मध्ये, म्हणजे तारापोरवाला उघडलं त्याच वर्षी. त्याचा जीवनक्रम मला आधी ठाऊक असता तर आठव्या दिवशी मी झोपलो नसतो. जो ठिपका आपल्याला दिसतो तो म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस पोट भरणारा परजीवी. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुधा अंधारात, तळाशी जाऊन दगडाला किंवा वाळूला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. आपल्याला वाटतं मासा बरा झाला. कवचाच्या आत मात्र एकाचे दोनशेच्या वर होत असतात. काही दिवसांनी, पुन्हा बहुतेक वेळा रात्रीच, ते फुटून पिल्लं बाहेर पडतात आणि तळाजवळ झोपलेल्या माशांना शोधतात. अथांग समुद्रात त्यांतल्या फारच थोड्यांना मासा सापडतो. बाकीची एक-दोन दिवसांत मरतात. चारशे लिटरच्या टाकीत मासा जाणार कुठे? समुद्रात जो परजीवी माशाला जेमतेम त्रास देतो, तो काचेच्या चार भिंतींत सगळी वस्ती संपवतो.

बहुतेक कवचं तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण बहात्तर दिवस टिकलेल्या कवचांची नोंद संशोधकांनी केलेली आहे. म्हणून रोग आलेली टाकी निर्धोक करायची तर तिच्यात शहात्तर दिवस एकही मासा ठेवायचा नाही, असा प्रघात पडला. मी 12 एप्रिलपासून कालनिर्णयवर रोज एक फुली मारत गेलो. अक्षय्य तृतीया गेली, वटपौर्णिमा गेली. शेवटची फुली 26 जूनला पडली. ते शहात्तर दिवस मी रोज रिकाम्या टाकीचं पाणी तपासत होतो आणि मिळेल ते वाचत होतो. हे पुस्तक त्या दिवसांत सुरू झालं.

पण मला खरं शहाणपण सांगितलं ते बाबांनी. ते गावाहून आले, टाकीकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बजारातून नवा बैल आन्ला त आपन त्याले एकदम गोठ्यात नाई बांधत. पंधरा दिस बाहेर निंबाखाली ठेवतो. तुह्या मासोळीले काऊन नाई ठेवलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणी तो निंबाखालचा बैल मी कितीतरी वेळा पाहिला होता. त्याची दावण वेगळी, पाण्याची घमेली वेगळी, वैरण टाकायची तर घरच्या बैलांना आधी टाकायची आणि मग त्याला. उलटं करायचं नाही. बाबा येताजाता त्याच्या तोंडाकडे आणि खुरांकडे पाहत, लाळ गळते का, लंगडतो का. 2022 साली लम्पीची साथ आली, राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा सरकारी पत्रकांत जे छापून आलं ते आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. क्वारंटाइन हा शब्द चाळीस दिवसांवरून आला, व्हेनिसच्या बोलीतून, जहाजांना बंदराबाहेर थांबवायच्या प्रथेतून. त्याआधी 1377 मध्ये रागुसा बंदराने तीस दिवसांचा नियम केला होता. 2020 नंतर विलगीकरण हा जड शब्द आपल्याकडे पोराटोरांच्या तोंडी बसला. पण ज्या घरात बाळंतिणीची खोली सव्वा महिना वेगळी असते आणि नवा बैल निंबाखाली बांधतात, त्या घराला ही कल्पना नवी नाही. ती आपण काचेच्या टाकीपर्यंत आणली नाही, इतकंच.

म्हणून माझं या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे आहे की दुसरी टाकी आधी घ्या. सुंदर टाकीसाठी पैसे साठवत असाल तर त्यातले पहिले दीड-दोन हजार एका उघड्याबोडक्या टाकीवर घाला. चाळीस ते साठ लिटरची काच पुरते, मोठ्या जातीच्या माशाला त्याहून मोठी. तळाला वाळू नको, दगड नकोत, कारण ते औषध शोषून घेतात आणि कवचांना लपायला जागा देतात. लपण्यासाठी माशाला प्लंबरच्या दुकानात मिळणारे पीव्हीसीचे एल्बो द्या, त्यांत तो आनंदाने राहतो. वर झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो. स्पंज फिल्टर महिनाभर आधी मुख्य टाकीच्या पाण्यात ठेवून मुरवलेला असावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले असतील. जाळी, बादली, नळी, टॉवेल सगळं वेगळं. कामाचा क्रम बाबांचा: आधी जुने मासे, मग नवा.

आणि टाकी दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी आमच्या भागातल्या लोकांना हात जोडून सांगतो. मखमली रोग, म्हणजे वेल्वेट, व्हाइट स्पॉटपेक्षा घातक. अंगावर सोनेरी धुरळा दिसेपर्यंत कल्ले निकामी झालेले असतात आणि पुढचे दोन-तीन दिवसही मिळत नाहीत. या रोगाचे जंतू पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर हवेतून जातात, आणि पंख्याच्या झोतात ते तीन मीटरपर्यंत पोचल्याचं प्रयोगात दिसलं आहे. विदर्भात मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो. कूलरच्या झोतात नव्या माशाची टाकी आणि समोरच्या भिंतीला जुन्यांची, ही मांडणी मी तीन घरांत पाहिली आहे. तिन्ही घरांत टाकीची जागा बदलायला लावूनच उठलो.

खोका उघडण्याच्या घटकेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिथे चांगल्या हेतूने मासे मारले जातात. पिशवीत मासा बारा-पंधरा तास श्वास घेत असतो. त्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरतो, आणि उतरलेल्या सामूत त्यानेच सोडलेला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळू लागतो. लांबून आलेल्या माशाला त्या पाण्यात दोन तास ठेवून थेंब थेंब नवं पाणी मिसळत बसणं म्हणजे त्याला विषात बसवणं. त्यापेक्षा दुकानदाराला फोन करून त्याच्या पाण्याची क्षारता आधी विचारून घ्या, दुसऱ्या टाकीचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवीचं तापमान जुळू द्या, आणि मग मासा हाताने किंवा कपाने उचलून थेट नव्या पाण्यात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

आता औषध. या भागाला पुस्तकातली सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि तो लिहिताना मी सर्वांत जास्त घाबरलो आहे.

व्हाइट स्पॉट आणि वेल्वेट या दोन्हींवर जुनं आणि खात्रीचं औषध म्हणजे तांबं. मोरचूद आमच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे माप तोंडपाठ असतं. तेच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, माशाच्या पाण्यात किती लागतं ते पाहा. साध्या कॉपर सल्फेटसाठी पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम राहायला हवं. चाळीस लिटरच्या टाकीला 0.20 च्या हिशेबाने आठ मिलिग्रॅम तांबं लागतं. मोरचुदात तांबं साधारण एक चतुर्थांश असतं, म्हणजे मोरचूद लागलं सुमारे एकतीस मिलिग्रॅम. नखावर ठेवलं तर दिसेल न दिसेल एवढं. बोर्डोच्या मानाने हे पाणी बारा हजार पटींहून जास्त पातळ. चिमूटभर टाकलं तर मासा मेला. 0.15 च्या खाली गेलं तर परजीवी जगला. या दोन्हींच्या मधली वाट केसाएवढी आहे, आणि त्यातून खाऱ्या पाण्यात तांबं स्थिर राहत नाही, क्षारांशी मिळून तळाला बसतं. म्हणून दिवसातून दोनदा तपासावं लागतं. शेतीसाठीचं मोरचूद तर वापरूच नका, त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. सुरुवातीला मी शुद्ध कॉपर सल्फेटचं द्रावण करून शिकलो, आता चिलेटेड तांबं वापरतो. ते पाण्यात टिकून राहतं आणि त्याचा आकडा वेगळा असतो, बऱ्याच औषधांचा लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर काय होईल, हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

तांबं नेमकं कुणाला मारतं, हेही समजून घेतलं पाहिजे. ते कातडीखालच्या परजीवीला मारत नाही, कवचातल्यालाही नाही. कवच फोडून बाहेर पडलेलं, मासा शोधत पोहणारं पिल्लू तेवढं त्याच्या तडाख्यात सापडतं. म्हणून मात्रा एक दिवसही खाली येऊन चालत नाही. चौदा दिवस पूर्ण मात्रा राखायची आणि मग मासा लांबच्या, धुऊन वाळवलेल्या दुसऱ्या स्वच्छ टाकीत हलवायचा, अशी माझी पद्धत आहे. हलवायला जागा नसेल तर त्याच टाकीत तीस दिवस. आणि हे तांबं मुख्य टाकीत कधीही, कितीही घाई असली तरी टाकू नये. कोळंबी, गोगलगाई, खेकडे तांब्याने मरतात आणि ते दगडांत मुरून राहतं.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. माणसांच्या त्या मरणाशेजारी माशाच्या टाकीची गोष्ट ठेवायला मन धजत नाही, आणि मी तुलना करत नाही. पण त्या हंगामानंतर आमच्या घरात लेबल वाचल्याशिवाय कुठल्याही बाटलीचं झाकण उघडत नाही, आणि दोन औषधं एका पंपात एकत्र होत नाहीत. या पुस्तकातला प्रत्येक डोस त्या सवयीतून लिहिला आहे: औषधातला घटक, पाण्याचे खरे लिटर, तपासणीचा आकडा, हातमोजे. टाकी साठ लिटरची म्हणून विकली तरी ती वरपर्यंत भरत नाही, तेव्हा पाणी मोजून भरा आणि काचेवर रेघ मारा. तांबं चालू असताना अमोनिया काढणारी रसायनं टाकू नका, त्यांतल्या काहींमुळे बांधलेलं तांबं मोकळं होऊन मासे मरतात. फॉर्मेलीन वापरायची वेळ आली तर खिडक्या उघड्या ठेवा. ते माणसालाही घातक आहे आणि पाण्यातला प्राणवायू कमी करतं, जो तापलेल्या पाण्यात मुळातच कमी मावतो.

त्या काचेवरच्या रेघेबद्दल आणखी. परदेशी पुस्तकं वाचून मी जे शिकलो त्यात हे कुठे नव्हतं, ते मला यवतमाळच्या मे महिन्याने शिकवलं. कोरड्या उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, चाळीस लिटरच्या उघड्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहतं, तांबंही मागे राहतं. सकाळी बरोबर असलेली मात्रा चार लिटर उडाल्यावर संध्याकाळी नवव्या हिश्शाने वाढलेली असते, आणि आपण एक थेंबही टाकलेला नसतो. म्हणून रेघेपर्यंत गोडं, गाळलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ भरायचं. खारं नाही, औषधाचंही नाही.

आणि गोडं पाणी हा आमच्याकडे साधा विषय नाही. जिल्ह्याच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली तेव्हा शहरात नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन-चार लिटर टाकून देतं. त्या उन्हाळ्यात मी पाणी बदलणं जवळजवळ थांबवलं. शेजारी टँकरची रांग असताना माशांसाठी पाणी गाळत बसणं मला बरोबर वाटलं नाही. आता टाकाऊ पाणी धुण्या-पुसण्याला जातं, आणि पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवून तेच यंत्राला देतो. दुसरी टाकी लहान ठेवा असं सांगण्यामागे हेही कारण आहे. ज्याला उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं त्याने नवे मासे दिवाळीनंतर आणावेत, असं मी स्पष्ट लिहिलं आहे.

या छंदात एक जुना वाद आहे: नव्या माशाला आल्या आल्या औषध द्यावं, की नुसतं पाहत राहावं आणि लक्षण दिसलं तरच द्यावं? मी दोन्ही करून पाहिलं. समुद्रातून पकडून आणलेल्या, विशेषतः टँगसारख्या माशाला तो नीट खाऊ लागल्यावर तांबं द्यावंच, या मताला मी आलो आहे. कारण कल्ल्यांत लपलेला परजीवी बाहेरून दिसत नाही, आणि महिनाभर नुसतं पाहूनही तो निसटलेला मी अनुभवला आहे. पैदास केंद्रातून थेट आलेल्या माशाची गोष्ट वेगळी, त्याला मी तीन आठवडे फक्त पाहतो. पण तो वाटेत दुकानात थांबला असेल तर तो त्या दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी प्यायलेला असतो, कारण बहुतेक दुकानांत सगळ्या टाक्यांना एकच पाणी फिरतं. खात नसलेल्या माशाला औषध देऊ नका. आधी त्याला खायला लावा, मग बाकीचं.

आणि तांबं म्हणजे सर्व रोगांवर उतारा नव्हे. क्लाउनफिशच्या अंगावर दाट शेंबडासारखा थर आणणारा ब्रुकलिनेला तांब्याला दाद देत नाही, त्याला फॉर्मेलीन लागतं. चपट्या कृमींना प्राझिक्वांटेल, आठवड्याच्या अंतराने दोनदा. या कृमी मी पहिल्यांदा पाहिल्या तो क्षण विसरणं शक्य नाही. मासा ठणठणीत दिसत होता, अंग स्वच्छ. खात्रीसाठी त्याला सामू आणि तापमान जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं. काळ्या टबात दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तिळासारखे पांढरे दाणे एकेक करून तळाला पडू लागले. पारदर्शक असल्यामुळे ते माशावर दिसत नव्हते. गोड्या पाण्याने मेले आणि पांढरे झाले. मी सतरा मोजले.

प्रतिजैविकांबद्दल मी कडक लिहिलं आहे आणि ते बदलणार नाही. दुकानात सुट्या पुड्यांतून मिळतात म्हणून ‘कशाला ना कशाला लागू पडेल’ या भरवशावर ती टाकीत टाकायची नाहीत. ते पाणी शेवटी आपल्याच नाल्यात जातं.

एक गोष्ट पुस्तकात नाही, पण इथे नोंदवतो. सगळेच समुद्री जीव विकत घेण्यासारखे नसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कठीण प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना संरक्षण आहे. दुकानात दिसले तरी ते घेणं गुन्हा आहे, आणि त्यांच्यावर उपचार कसे करावेत हे मी लिहिणार नाही. माझ्या टाकीत दगड कृत्रिम आहेत. उलट, क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे होते: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती तंत्रं बसवली, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झालं आहे. पहिला मासा घेणार असाल तर असा घ्या.

मराठीत का लिहिलं, तर ज्यांनी मला प्रश्न विचारले त्यांनी ते मराठीत विचारले. वणीच्या एका मुलाने रात्री फोन करून विचारलं होतं, “दादा, ठिपके गेले, आता मासा मेन टाकीत सोडू का?” या एका प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रकरणात अकरा पानं घेतं. त्याला फोनवर मी एवढंच म्हणालो होतो की अजून नाही.

हे लिहीत असताना शेजारच्या खोलीत एक कोरल ब्युटी आहे, जांभळी, पोटाकडे केशरी. ही जात तांब्याला नाजूक, म्हणून मात्रा पाच दिवसांत हळूहळू चढवली. आज पूर्ण मात्रेचा अकरावा दिवस. सकाळी आकडा 2.2 आला. ती एल्बोतून अर्धी बाहेर येऊन चमच्याकडे पाहते आणि मी हात स्थिर ठेवला तर खाऊन परत आत जाते. बाहेर ऊन चढलं आहे, पाणी रेघेखाली बोटभर उतरलेलं दिसतं आहे. ते भरून येतो.